आधी घड्याळ

सहाव्या भागानंतर मालिका बंद पडली, ती दुपारी दीड वाजता. दिग्दर्शक सेटवर आला आणि हात झटकून म्हणाला, "चला, गुंडाळा." सुतारांनी तोवर एक भिंत उतरवलीही होती. असल्या बातम्या सुतारांना वाहिनीच्या मालकाआधी कळतात.

गोष्ट विज्ञानकथेची होती. माणूस कामावर जातो आणि त्याच्या जागी हुबेहूब दुसराच घरी येतो. घरच्यांना पत्ता लागत नाही. प्रेक्षकांना हे काही पचलं नाही.

"पचेल कसं?" कंटिन्युइटीबाई म्हणाली. "घरचे काय आंधळे असतात?"

युनिटमध्ये तिला सगळे याच नावाने हाक मारत. तिचं काम असं, की आधीच्या शॉटमध्ये डाव्या हातात असलेला कप पुढच्या शॉटमध्ये उजव्यात जाता कामा नये. नटाच्या खोट्या मिशीचा एक केस इकडचा तिकडे झाला तरी बाई ओरडलीच, "थांबा!" भलेभले नट तिला टरकून असत.

"आज घरी लवकर! नवरोबांची चंगळ आहे," मेकअपवाला म्हणाला.

"ओळखलं तरी पुष्कळ झालं. सहा महिन्यांत मी सातच्या आत घर पाहिलेलं नाही."

अडीचला ती आपल्या मजल्यावर पोचली. लेकीला सुट्टी लागली होती, नवरा घरूनच काम करायचा. ती दाराच्या लॅचला किल्ली लावणार, तोच आत खुर्चीवर पर्स आपटल्याचा आवाज आला.

"आली बाई तुझी आई दमून!"

आवाज तिचाच होता. शेवटच्या शब्दाला किंचित बसणारा.

मग टेबलाच्या काचेवर मनगटी घड्याळ टेकल्याची बारीक टिचकी.

"नाही. पुन्हा," लेक म्हणाली. आठ वर्षांची पोर, पण सूर परीक्षकाचा. "काहीतरी चुकतंय. बाबा, काय चुकतंय?"

"पर्स तर बरोबर होती." कागद चाळल्याची सळसळ. "परवापेक्षा खूपच छान. दमू नकोस हं, अजून वेळ आहे. ती काही सातशिवाय येत नाही."

दमू नकोस हं. बाळंतपणात रात्रंदिवस तो तिला हेच म्हणायचा, अगदी याच सुरात. त्यानंतर आजच ऐकलं तिने ते, आणि तेही दुसरीसाठी.

किल्लीचे दात तिच्या तळव्यात रुतले. दार ढकलावं, त्या बयेच्या झिंज्या धराव्यात, दोघांना जाब विचारावा. तिने हात उचललाही.

आत पुन्हा पर्स. पुन्हा हाक. पुन्हा घड्याळ.

आणि वीस वर्षांची सवय तिच्या तोंडून बाहेर पडली.

"थांबा! आधी घड्याळ! घड्याळ काढून मग हाक!"



आत कागदावर पेन्सिल चालल्याचा आवाज.

पर्स. घड्याळ. "आली बाई तुझी आई दमून!"

"आई!" लेक आनंदाने किंचाळली. छोटी पावलं धावली आणि कुणाच्या तरी कुशीत जाऊन थांबली.



शेवटी दार साखळीपुरतं उघडलं. फटीत लेकीचा चेहरा होता. हातात वही, कानावर पेन्सिल. तिने बाहेरच्या बाईकडे वर पाहिलं आणि अदबीने विचारलं,

"अजून काही चुकतंय का, काकू?"