दोन बोटं, दोन झेंडे

कॅलम रेडपाथचा पहिलाच फटका ब्रिडीची पांढरी टोपी घेऊन गेला.

ती गोलची पंच म्हणून मधल्या दोन उंच खांबांपाशी उभी होती. ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये या दोन खांबांमधून चेंडू गेला तर गोल: सहा गुण, पंचाची दोन बोटं आणि दोन झेंडे. हा डावीकडच्या फटीतून सुटला होता, म्हणजे एकच गुण. ब्रिडीने टोपी उचलली नाही. आधी एक बोट दाखवलं, मग एक झेंडा फडकवला, आणि मगच वाकली.

"लागलं का हो, पंचबाई?" तो धावत आला.

"टोपीला."

"तुम्ही हसता कधी?"

"सहा गुण झाले की."

मिनयार्रा गावात त्याची गोष्ट सगळ्यांना पाठ होती. मेलबर्नच्या क्लबकडून अकरा सामने खेळला, मग क्लबने नाव कापलं. आता तो वडिलांच्या मेंढ्यांची लोकर कातरत होता आणि शनिवारी गावाकडून खेळत होता. हंगामाच्या मध्यावर पुन्हा निवड व्हायची होती... बारा आठवडे हातात होते. पंचविशीत दुसरी संधी चुकली, की तिसरी येत नाही.

ब्रिडी गव्हाच्या कोठारावर धान्यातला ओलावा मोजायची. नेमकं पाहणं हा तिचा स्वभावच होता. तीन शनिवार तिने गोलामागून त्याला पाहिलं, आणि चौथ्या सामन्यानंतर सॉसेजच्या रांगेत त्याला गाठलं.

"चेंडू सोडताना तुझा डावा हात लवकर सुटतो. चेंडू कलतो, म्हणून डावीकडे जातो."

"पंचांनी खेळाडूला शिकवायचं असतं?"

"मंगळवारी मी पंच नसते."

तो हसला. "मग मंगळवारी काय असता?"

"मोकळी. साडेचारनंतर. आणि अहो-जाहो पुरे!"

मग दर मंगळवारी पन्नास फटके. ती खांबांमागे वही घेऊन, तो चिखलात. थंडीने त्याच्या श्वासाची वाफ व्हायची. "हात!" ती ओरडायची. "माझ्या हाताकडे फार बघतेस तू," तो म्हणायचा, आणि ती पटकन वहीत मान घालायची. सुरुवातीला पन्नासात सव्वीस गोलात गेले. सातव्या मंगळवारी त्रेचाळीस.

शेवटच्या शनिवारी मेलबर्नहून निवडीचा माणूस आला. मैदानाभोवती तोंड आत करून गाड्या लागल्या होत्या. कॅलमचा प्रत्येक गोल झाला, की सगळ्या हॉर्न वाजवायच्या. असे सहा गोल झाले. मग, संघ पाच गुण मागे असताना, त्याने उंच उडी मारून चेंडू झेलला... आणि सायरन झाला. सामना संपला, पण झेललेल्या चेंडूचा एक फटका त्याचा उरला होता.

चेंडू सरळ आला. आत गेला. सगळं मैदान हॉर्नने दणाणलं.

पण ब्रिडीने वर पाहिलं होतं. आत जाताना चेंडू खांबाला जेमतेम घासला होता. खांबाला लागला, की एकच गुण.

मैदानातला पंच धावत आला. "काय दिसलं?"

तिने खांबाकडे पुन्हा एकदा पाहिलं. सात मंगळवार... त्रेचाळीस फटके...

"खांबाला लागला."

"मोकळं आहे," तो म्हणाला. म्हणजे आता खूण कर.

तिने एक बोट दाखवलं.

हॉर्न थांबले आणि शिव्या सुरू झाल्या. गावाच्या संघाचा कप्तान तावातावाने तिच्याकडे निघाला. "डोळे आहेत का तुला?"

कॅलमने त्याला दंडाला धरून मागे ओढलं. "लागलाय रे. मी ऐकला आवाज."

ती पंचांच्या खोलीत झेंडे गुंडाळत होती, तेव्हा तो चिखलाने माखलेला दारात आला.

"रागावलास?"

"खूप! स्वतःवर. दोन बोटांनी हुकला."

"दीड."

तो खळखळून हसला. "नाही निवडलं, तरी मंगळवारी येशील ना?"

"येईन. पन्नास नाही, साठ मारायचे."

बुधवारी निवडीत त्याचं नाव जाहीर झालं. गुरुवारी सकाळी मेलबर्नला जाताना त्याने गाडी मैदानाशी थांबवली. ब्रिडी खांबांमध्ये उभी होती, काखेत झेंडे.

"त्या दिवशी दिसलं तेच सांगितलंस," तो म्हणाला. "आताही तसंच सांग. मी तुला..." तो अडखळला. "आवडतो?"

तिने काखेतले झेंडे सारखे केले.

"बोल ना!"

"आधी मैदानातला पंच 'मोकळं आहे' म्हणतो. मगच मी खूण करते."

त्याने रिकाम्या मैदानावर चौफेर पाहिलं. मग छाती भरून ओरडला, "मोकळं आहे!"

ब्रिडीने कमरेशी दोन्ही हात आणले. दोन बोटं. मग दोन्ही झेंडे, जितके उंच जातील तितके उंच.

कोठाराकडे निघालेल्या गव्हाच्या ट्रकने रस्त्यावरून लांबलचक हॉर्न दिला.

"शनिवारी माझा सामना असतो," कॅलम म्हणाला, तिचे हात हातात घेत. "तुझाही."

"रविवारी मी पंच नसते," ब्रिडी म्हणाली. आणि हसली.