आधी तू पी

"आधी तू पी," छोट्या म्हणाला आणि त्यानं चहाचा कप इस्त्रीच्या टेबलावरून एका बोटानं अक्काकडे सरकवला.

"मला नको रे, मी आत्ताच घेतलाय."

"एक घोट."

"पित्त होतं मला."

"तुला बरं नेहमी माझ्याच कपानं पित्त होतं!"

आता छोट्या म्हणजे नावाचाच छोट्या हं! दाराच्या चौकटीला डोकं टेकेल एवढा ताडमाड, चाळिशीकडे झुकलेला बाप्या. पण आईनं जाताना त्याचा हात अक्काच्या हातात दिला तेव्हा तो शाळेत होता, आणि अक्काच्या लेखी तो अजून त्याच वर्गात बसलेला होता. भावाबहिणीची लाँड्री होती. पुढं काउंटर, मागं वाफेनं भरलेली इस्त्रीची खोली, वर राहायच्या दोन खोल्या. अक्कानं डाग काढावेत, छोट्यानं इस्त्री फिरवावी. त्याच्या हातची कॉलर अशी उभी राहायची की घालणाऱ्याची मानच ताठ व्हावी.

पण गेले काही आठवडे हा माणूस अक्काच्या हातचं काही खात नव्हता. केळं, उकडलेलं अंडं... म्हणजे सालीतलं नाहीतर कवचातलं, तेही स्वतः सोललेलं. पाणी नळाखाली ओंजळ धरून. "माझ्या खाण्यात काहीतरी घालतंय कोणीतरी," एवढंच म्हणायचा, आणि मग स्वतःच कपाळावर हात मारून घ्यायचा. त्याचे शर्ट त्याच्याच अंगावर हँगरला टांगल्यासारखे दिसायला लागले होते.

अक्कानं तो चहा मोरीत ओतला आणि तिथंच भिंतीला टेकली. छोट्याचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. त्याच्या कपात औषधाचे थेंब असत, आणि ते घालणारा हात तिचाच होता!

तिनं हे हौसेनं केलं होतं थोडंच? वयाच्या विशीत छोट्याला वाफेच्या फुसफुशीतून दोन माणसांचं बोलणं ऐकू यायला लागलं होतं. दोघं त्याचीच निंदा करत. मग कपड्यांना लावलेल्या चिठ्ठ्यांच्या आकड्यांत त्याला निरोप दिसायला लागले, आणि एका सकाळी त्यानं गिऱ्हाइकांचे सगळे कोट रस्त्यावर फेकले आणि अनवाणी पळत सुटला. म्हाताऱ्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, स्किझोफ्रेनिया. दवाखाना झाला, गोळ्या झाल्या, तो बरा झाला. बरा झाला म्हणून गोळ्या सोडल्या, आणि पुन्हा रस्ता! असं दोनदा झालं. शेवटी म्हातारे डॉक्टरही टेकीला आले; बिनचवीचं औषध देऊन म्हणाले, "चहात घालत जा, पण घडी बसेपर्यंतच. मग त्याला सांगून टाका." घडी बसली... सांगायचं राहिलं. आज सांगू, उद्या सांगू करता करता वर्षं गेली, आणि ते डॉक्टरही निवृत्त होऊन गेले. अक्का त्यांच्या जुन्या चिठ्ठीवर औषध आणत राहिली.

त्या थेंबांपायी अक्का एका दिवसासाठीही घराबाहेर राहिली नाही. समोरच्या दुकानातल्या शिंपी मास्तरांनी तिला मागणी घातली होती. भला माणूस, बोलायला कमी आणि हसायला लवकर. अक्काचं मन कधीचंच तिकडे गेलं होतं, पण ती म्हणाली, "मी गेले तर छोट्याला चहा कोण देणार?" मास्तरांना वाटलं, ही नकाराला सबब शोधतेय. चहा काय, कोणीही देईल! ते बराच काळ थांबले, आणि मग मशीन टेम्पोत घालून दुसऱ्या गावी निघून गेले. लोक म्हणायचे, "बहीण असावी तर अशी!" ते कौतुक ऐकलं की अक्काला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

"चल, आपण डॉक्टरकडे जाऊ," शेवटी छोट्याच म्हणाला. "मीच सांगतो त्यांना. एकतर कोणीतरी मला घालतंय, नाहीतर माझं डोकं पुन्हा फिरलंय. काय ते कळू तरी दे."

नव्या डॉक्टरीणबाई वयानं लहान आणि बोलायला सरळ होत्या. त्यांनी आधी छोट्याशी एकट्याशी बोलून घेतलं, मग त्याला बाहेर बाकावर बसवून अक्काला आत बोलावलं.

"हा वेडा होणार का हो?" अक्कानं खुर्चीवर बसायच्या आधीच विचारलं.

"वेडा हा शब्द आपण बाहेर ठेवू या," बाई म्हणाल्या. "त्यात सगळेच आजार एका पोत्यात कोंबले जातात. बाहेर बसलेल्यांत कोणाचं मन विझलंय, त्यांना उठावंसंच वाटत नाही, ते नैराश्य. कोणाचं काळीज कारण नसताना धडधडतं; तो चिंतेचा आजार. कोणी हात धूत बसतं, धुतले तरी मन मानत नाही, तो मंत्रचळ. कोणी चार महिने आभाळाला हात लावून येतं आणि पुढचे चार महिने अंथरुणात, तो बायपोलर. आणि तुमच्या भावाचा आजार, त्यात मन नसलेले आवाज ऐकवतं, नसलेले शत्रू दाखवतं. प्रत्येकाचं औषध वेगळं. कोणाला गोळी, कोणाला नुसतं बोलणं पुरतं, बहुतेकांना दोन्ही."

"म्हणजे आमच्या डागांसारखंच की! तेलाच्या डागाला जे चालतं ते गंजाला चालत नाही."

बाई हसल्या. "अगदी तसंच. फक्त माणसाला लागला तो डाग नाही म्हणायचं, आजार म्हणायचं." मग त्या कागदाकडे वळल्या. "आता अडचण अशी. तुम्ही बाहेर लिहून दिलंत, औषध रोज चालू आहे. ते म्हणतात, मी कित्येक वर्षांत औषधाला हात लावलेला नाही."

"त्याला... आठवत नसेल."

"हं. मग गोष्ट गंभीर आहे. औषध चालू असून संशय वाढतोय, खाणं सुटलंय, वर विस्मरण. याचा अर्थ हे औषध उपयोगाचं राहिलं नाही. त्यांना दाखल करून घेऊन जास्त कडक औषध सुरू करावं लागेल. ते औषध चांगलं आहे, पुष्कळांना त्यानं उभं केलंय, पण त्याला वरचेवर रक्त तपासावं लागतं. ते गरजेशिवाय कोणाला देत नाहीत." त्या थांबल्या. "एकच धागा मला जुळत नाही. आवाज नाहीत, झोप छान, काम नीट. फक्त हा एकच संशय. अक्का, घरात खरंच कोणी काही घालत नाही ना?"

अक्कानं दाराच्या काचेतून बाहेर पाहिलं. छोट्या बाकावर बसून शेजारच्या अनोळखी म्हाताऱ्याची मुडपलेली कॉलर सरळ करत होता. खरं बोललं तर हा आपल्याला कायमचा दुरावेल... आणि गप्प बसलं तर आपल्या खोट्यापायी त्याला नसलेल्या दुखण्याचं औषध भोगावं लागेल! एवढी वर्षं त्याला जपलं, ते याच्यासाठी?

"घालते!" ती ओरडलीच. "मी घालते! तो खरं बोलतोय हो, त्याचं डोकं ठिकाणावर आहे... मीच त्याच्या चहात औषध घालते!"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "हे तुम्ही मला सांगितलंत, बरं झालं. पण हे त्यांना कळायला हवं," त्या म्हणाल्या आणि उठून त्यांनी दार उघडलं.

अक्कानं सांगितलं, थेंबांपासून शेवटच्या कपापर्यंत. छोट्या उभाच होता. मग त्यानं बाईंना विचारलं, "म्हणजे मला भ्रम झाला नव्हता?"

"या बाबतीत नाही. तुम्ही कपातला फरक ओळखला होता."

तेव्हा तो एवढा उंच माणूस मटकन खाली बसला आणि लहान मुलासारखा हुंदके देऊन रडायला लागला. "फरक नव्हता हो कपात, हिच्यात होता! माझ्या कपातला घोट ही कधी घ्यायची नाही... तरी मी म्हणायचो, माझी अक्का असं करणार नाही, म्हणजे माझंच डोकं पुन्हा नासलं! मी माझ्या डोक्याला शिव्या घालत होतो, अक्का... आणि तू तिथं उभी राहून बघत होतीस!"

"तू पुन्हा रस्त्यावर पळशील, ही भीती होती रे..."

"एकदा विचारायचंस. एकदा!"



बाईंनी त्याला आडपडदा न ठेवता सांगितलं की घरात इतकी वर्षं शांतता होती ती त्या औषधामुळेच होती, आणि गेले काही आठवडे तुटलंय तसं ते तुटलेलंच राहिलं तर आजार उलटू शकतो. पण पुढं गोळी घ्यायची की महिन्याचं इंजेक्शन, हे त्यानं ठरवायचं. छोट्यानं डोळे पुसले. "गोळी. मी माझ्या हातानं घेईन. हिच्या हातून नाही." ते शेवटचे तीन शब्द अक्काच्या काळजाच्या आरपार गेले.

मग एका घरात दोन चुली झाल्या. छोट्या आपली गोळी आपण घ्यायचा, आपलं आपण रांधायचा, इस्त्री चोख करायचा आणि अक्काशी कामापुरतं बोलायचा. "काळा कोट झाला." "बटण तुटलंय." बस! तो सुधारत होता, अंगावर मांस धरत होता, आणि अक्काच्या हाताला एकाएकी काही कामच उरलं नव्हतं. तिची झोप उडाली. घास घशाखाली उतरेना. सकाळी पाय जमिनीवर ठेवायचे म्हणजे डोंगर चढायचा. भावाच्या मनातून उतरल्यावर जगायचं कशाला, असं तिला वाटायला लागलं... कोणाला सांगणार? एका दुपारी तिनं एका पांढऱ्या शर्टावर इस्त्री टेकवली ती तशीच ठेवून दिली. जळका वास सुटला तरी तिला पत्ता नाही!

छोट्यानं धावत येऊन प्लग उपटला. शर्टाकडे त्यानं पाहिलंही नाही, अक्काच्या तोंडाकडे पाहिलं. खोल गेलेले डोळे, वर न उचलणारी नजर. हे त्यानं दवाखान्यात पुष्कळांच्या चेहऱ्यावर पाहिलं होतं.

"अक्का, किती दिवस झोपली नाहीस?"

"मला काही झालेलं नाही."

"हे वाक्य माझं आहे," छोट्या म्हणाला. "दुकान बंद कर. चल."

डॉक्टरीणबाईंनी सगळं विचारलं. जीव द्यावासा वाटतो का, हेही सरळ विचारलं. अक्कानं खाली बघत "कधी कधी" म्हटलं आणि छोट्यानं तिचा हात घट्ट धरला, तो सोडलाच नाही. नैराश्य होतं, सोबत जुनी मुरलेली चिंता. "याला औषध आहे, आणि बोलणंही आहे," बाई म्हणाल्या. "जीव द्यायचा विचार आला की तडक यांना सांगायचं, मला फोन करायचा. एकटं राहायचं नाही. ही भीती कधीपासून आहे?"

अक्का बोलायला लागली आणि बोलता बोलता शिंपी मास्तरांवर येऊन अडखळली. "मी गेले असते तर याला चहा कोण देणार होतं..."

छोट्या चपापला. "मला वाटायचं तुला मास्तर आवडले नाहीत. अगं, या चहापायी? माझ्या चहापायी तू..."

"जाऊ दे रे. जुनं झालं ते."

"कसं जाऊ दे? आपण दोघांनी मिळून मास्तरांना पळवलं, अक्का!" तो रडता रडता हसला, आणि कित्येक महिन्यांनी अक्काही. परतताना त्यानं तिच्या खांद्यावरची पिशवी न विचारता आपल्या खांद्यावर घेतली.

अक्काला उतार पडायला वेळ लागला. औषध काही पहिल्याच आठवड्यात लागू पडत नाही. बाईंनी तसं आधीच सांगितलं होतं, आणि छोट्या तिला रोज तेच ऐकवायचा. हळूहळू तिला झोप लागायला लागली. मग भूक. मग एके सकाळी आपण आपणहून उठलो, हे तिच्याच ध्यानात आलं.

त्या सकाळी छोट्यानं आपली गोळी जिभेवर ठेवली, पाणी प्याला आणि मोकळा तळवा तिला दाखवला. मग तिची गोळी तिच्या हातावर ठेवली. "ही नैराश्याची. तोंड कोरडं पडेल, घाबरायचं नाही. बघ, काय देतोय, कशासाठी देतोय, सगळं सांगून देतोय हं!"

"कळलं हो शहाण्या!" अक्का म्हणाली. तिनं गोळी घेतली आणि चुलीकडे वळली. दोघांच्या संमतीनं मांडलेलं ते पहिलंच आधण होतं. तिनं दोन कप भरले, त्याचा त्याच्यापुढं ठेवला... आणि त्यानं काही म्हणायच्या आत तोच कप उचलून तोंडाला लावला. एक घोट. मग दुसरा. तिचे डोळे भरून आले होते, तरी ती पीतच होती.

"अगं, पुरे!" छोट्यानं तिच्या हातून कप काढून घेतला. "मला ठेवशील की नाही थोडा?"

आणि कपात न डोकावता, तिच्याकडे बघत, उरलेला चहा तो शेवटच्या थेंबापर्यंत प्याला.