चार बोटं उघडी काच

जुनी गाडी विकणारी माणसं खोटं बोलत नाहीत. निम्मं खरं सांगतात आणि उरलेलं निम्मं गाडीतच ठेवून देतात.

हर्षवर्धनला हे कळायला दिवाळी उलटावी लागली. सन दोन हजार एकची गोष्ट. आगाशीहून तो रोज ठाण्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला जाई. त्याच्या बायकोची, संपदाची, बँकही तिथंच. तिला सातवा लागला आणि डॉक्टरांनी एसटीचे धक्के बंद करायला सांगितले. नोकरी सोडायला ती तयार नव्हती. म्हणून वसईच्या हेलन आंटींची पांढरी मारुती त्यानं घेतली.

"काही दोष?" त्यानं विचारलं होतं.

"मागची डावी काच आपोआप उतरते. उतरली तर उतरू दे, सर."

संपदा मागच्या सीटवर, त्याच काचेशी डोकं टेकून आडवी होई. रोज सकाळी काच चार बोटं उतरलेली असे. घोडबंदर रस्त्याची धूळ आत येते म्हणून तो चढवी. गॅरेजवाल्यानं घट्ट करून दिली. दुसऱ्या सकाळी पुन्हा चार बोटं.

"राहू दे ना उघडी," संपदा म्हणाली. "बंद केली की डोकं जड होतं. मळमळतं."

"सातव्या महिन्यात मळमळणारच."

"मास्तर, पोरांना आधी तपासा म्हणता, मग बोला म्हणता. आणि मला?"

शेजारच्या काकूंनी लिंबू-मिरची बांधायला सांगितली, तेव्हा तर त्याचं डोकंच फिरलं. शिकलेल्या माणसांच्या सोसायटीत हे? त्यानं काच चढवली, ती फिरवायची मूठ उपटून काढली आणि खिशात टाकली. आता उतरव म्हणावं.

त्या सकाळी नायगाव मागं पडलं. संपदा झोपली होती. तो बोलत होता, ती उत्तर देत नव्हती. खाडीचा पूल आला आणि त्याच्या मानेला गार वारा लागला. खारा, चिखलाच्या वासाचा.

त्यानं मागं पाहिलं. काच चार बोटं खाली होती. त्या फटीला तोंड लावून संपदा श्वास घेत होती. डोळे मिटलेलेच.

"संपदा... काच कोणी..."

त्यानं खिसा चाचपला. मूठ तिथंच होती.

गाडी कडेला घेऊन त्यानं तिला मोकळ्या हवेत बसवलं. तिचं जड डोकं, मळमळ आठवून तो गाडीखाली वाकला. सायलेन्सर मागच्या सीटखाली फुटला होता. धूर वर, आतच जात होता. जो कार्बन मोनॉक्साइड तो दरवर्षी फळ्यावर लिहायचा, तोच.

सायलेन्सर नवा बसवला. डॉक्टरांनी बाळाचे ठोके ऐकवले तेव्हा त्याला रडू फुटलं.

पण दुसऱ्या सकाळी चारही काचा पार तळाशी गेलेल्या होत्या. ठाण्याला निघताना तो आधी वसईला वळला. संपदाला गाडीतच ठेवून हेलन आंटींच्या दारात उभा राहिला.

"मागं कोण बसायचं, आंटी?"



"रोझलिन. माझी मुलगी. चर्चमधल्या मिस्साहून येताना झोपली... ती तशीच. डॉक्टर हृदय म्हणाले. आम्ही मान्य केलं."

"हृदय नव्हतं, आंटी. धूर होता. सायलेन्सर फुटला होता, मी बदललाय."

"मग आता काच बंद राहते?"

"नाही... आज चारही उघड्या होत्या. पूर्ण."

आंटींनी त्याच्या खांद्यावरून गाडीकडे पाहिलं.

"मग रोझलिन अजून सांगतेय. आधी बायकोला खाली उतरव, बाळा."