सातवं पान

धाकटीने पिशवीतून फाइल काढून टेबलावर ठेवली आणि दोन्ही हात मांडीवर घेऊन बसली. रडली नाही.

"काकू, यात बारा पानं होती. आता अकरा आहेत," ती म्हणाली. "आणि गेलेलं पान मी चोरलं असं सगळ्या गल्लीला वाटतंय."

काकूंचं खासगी तपासाचं ऑफिस म्हणजे इस्त्रीच्या दुकानावरची एक खोली. खिडकीतल्या स्टुलावर त्यांचे दीर बसत. दीर निवृत्त मास्तर. वहिनींच्या तपासाची टिपणं काढायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. अक्षर मोत्यासारखं, अंदाज मात्र नेहमी एक धडा मागे.

काकूंनी पाण्याचा पेला पुढे केला आणि सुरुवातीपासून सांगायला सांगितलं.

धाकटीच्या सासूबाई चाळीस वर्षं इस्पितळात नर्स होत्या. घरातसुद्धा सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. निवृत्त झाल्यावर त्यांनी घराच्या खालच्या खोलीत एक काम सुरू केलं: वयस्कर माणसांना 'नंतरची फाइल' करून द्यायची. आपण गेल्यावर कुणाला कळवायचं, दाखल्याच्या प्रती किती काढायच्या, पेन्शन कुठे थांबवायची, किल्ल्या कुठे आहेत, मांजर कुणाकडे द्यायचं. मागे राहिलेल्यांना दुःखात कपाटं उपसत बसायला लागू नये, एवढाच हेतू. पानं ज्याची त्याने लिहायची. फाइल करणाऱ्याने ती मोजायची, वाचायची नाहीत. धाकटीचा नवरा जहाजावर, वर्षातले आठ महिने समुद्रात. ती सिस्टरांच्या हाताखाली हे काम शिकली. आज शंभरावर घरांच्या फायली त्या खोलीतल्या कपाटात होत्या.

"आमच्या कामात पान हरवत नाही," ती म्हणाली. "आणि हरवलं ते सिस्टरांच्याच फाइलमधलं. कालपासून चार घरांनी फायली परत नेल्या. आठवड्यात कपाट रिकामं होईल. मग मी खरी होते की खोटी, कोण विचारतंय?"

सिस्टर जाऊन आठ दिवस झाले होते. फाइल सगळ्यांसमोर उघडली होती. वर अनुक्रमणिका, आत बारा कामांची बारा पानं, आणि सक्त ताकीद: क्रम मोडायचा नाही, एक काम पुरं झाल्याशिवाय पुढचं पान उलटायचं नाही. सहा कामं झाली. सातवं पान उलटायला गेले, तर समोर थेट आठवं.

काकूंनी अनुक्रमणिका वाचली. सातव्या ओळीत लिहिलं होतं, 'खालची खोली. करणार: थोरला.' समासात एक बारीक लाल टिंब. नवव्या ओळीत, 'वकिलांकडचं मृत्युपत्र वाचणं.'

थोरला म्हणजे धाकटीचा मोठा दीर. त्याचं म्हणणं सरळ होतं: आईने खोली मला दिली असणार, आणि म्हणून हिने पान काढून टाकलं.

"लाल म्हणजे धोका," मास्तर म्हणाले. "वर्गात चूक दाखवायला मी लालच वापरायचो."

"भावजी, तुमच्या वर्गात पांढरं काही उरायचं का?" काकूंनी विचारलं आणि धाकटीकडे वळल्या. "फाइल बांधली कुणी?"

"मीच, दोन महिन्यांपूर्वी. फुलगाठ मारली होती. उघडताना मात्र फितीला सपाट गाठ होती, नर्सा मारतात तशी. सिस्टरांचा उजवा हात वर्षभर लुळा होता. घरात ती गाठ मला येते. दादांचं बोट यावरच आहे."

"आणि हे तू आपणहून मला सांगतेस."

"सांगायलाच हवं ना."

मास्तरांनी टिपणात 'गाठ' या शब्दाखाली दोन रेघा ओढल्या आणि जिना उतरताना हळूच म्हणाले की पोरगी चांगली वाटते, पण पुरावा वाईट आहे. काकू म्हणाल्या की पान चोरणाऱ्याने आपली फुलगाठ पुन्हा मारली असती. नाही त्या गाठीत स्वतःला कोण अडकवून घेईल?

सिस्टरांची खोली वरच्या मजल्यावर. पलंगाच्या डोक्याशी भिंतीवर औषधांचा तक्ता होता. दिवसाच्या तीन चौकटी, दर गोळीपुढे एक लाल टिंब. शेवटच्या दिवशी सकाळ-दुपार टिंबं होती. रात्रीच्या गोळीपुढे जागा कोरी. उजव्या बाजूला इतर नोंदी. सिस्टर महिन्यातून दोनदा तपासणीला जात. दर खेपेला 'बाहेर' आणि पुढे रक्तदाबाचा आकडा. फक्त मागच्या महिन्यातल्या एका मंगळवारी लिहिलं होतं, 'बाहेर, दहा ते एक.' आकडा नव्हता.

धाकटीला वाटलं होतं की त्या दिवशी थोरल्याने नेलं असेल. ती स्वतः दिवसभर एका घरच्या कागदांसाठी धावत होती.

दाराशी सिस्टरांची मदतनीस धुतलेल्या चादरी आवरत होती. तिला सगळे 'रेडिओ' म्हणत; बटण नव्हतं एवढाच फरक. तिने काकूंना सिस्टरांच्या पायाची सूज, शेजारणीचा स्वभाव आणि गॅसवाल्याचा उशीर एका दमात सांगितला. बोलता बोलता चादरींचा गठ्ठा बांधला आणि हाताने वरून दाबला. गाठ सुरकुती न पडता सपाट बसली.

काकूंनी मंगळवारचं विचारलं.

"त्या दिवशी मला सुट्टी दिली," रेडिओ म्हणाली. "सहा वर्षांत सिस्टरांनी आपणहून दिलेली ती एकच सुट्टी. मी घाबरले, म्हटलं कामावरून काढतात की काय."

मग तिने सिस्टरांची शिस्त सांगितली. गोळी दिली की लाल टिंब, आणि गोळीची चिठ्ठी काढून पुढच्या पाळीवालीच्या हातात. चिठ्ठी जागेवर राहिली तर दुसरी बाई तीच गोळी पुन्हा देते. वॉर्डात एकदा तसं झालं होतं म्हणे. बाकी रेडिओचं काम पायांचं. दर शनिवारी सिस्टरांचं पाकीट थोरल्याच्या दुकानात नेऊन द्यायचं.

थोरल्याचं काच कापायचं दुकान. माणूस एकटा, लग्न केलं नव्हतं, दुकानामागेच राहायचा. काकूंशी तो रागाने बोलला नाही, थकून बोलला. आईची वागणूक त्याच्या मनाला लागली होती.

"तिला आईने हाताला धरून काम शिकवलं. मला काय, तर पथ्य. दर शनिवारी पाकीट. मीठ कमी खा, छातीत दुखलं तर अंगावर काढू नको. पन्नाशीच्या माणसाला." त्याने काचेवरून बोट फिरवलं. "पहिली चार वाचली. मग ठेवत गेलो खणात."

काकूंनी खण पाहायला मागितला नाही. दुपारी चारला खालच्या खोलीत या आणि तो खण जसा आहे तसा घेऊन या, एवढंच म्हणाल्या.

चार वाजता खोलीत थोरला, धाकटी आणि रेडिओ होती. आपली फाइल परत न्यायला आलेले एक पेन्शनर आजोबा दारातच थांबले होते. काकूंनी त्यांनाही आत बसवलं.

"आधी गाठ," काकू म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच हळू, म्हणून सगळे पुढे झुकले. "ही गाठ घरात धाकटीला येते असं सगळे म्हणाले. घरातलं म्हणून मोजताना चादरी बांधणारी बाई कुणी धरलीच नाही. फाइल तू बांधलीस ना गं?"

रेडिओने मान हलवली. सिस्टरांनी सांगितलं, तिने बांधली. त्यात लपवण्यासारखं काय होतं? आठ दिवसांत तिला कुणी काही विचारलं नव्हतं. जो तो गप्प बस म्हणत होता.

"म्हणजे बांधून घेतली ती सिस्टरांनी. पान त्यांच्यासमोरच निघालं होतं. आता लाल टिंब. या घरात लाल म्हणजे धोका नाही. लाल म्हणजे झालं. भिंतीवर वर्षभराचा पुरावा आहे. दिलेल्या गोळीपुढे टिंब, आणि राहून गेलेल्या गोळीपुढे कोरी जागा."

धाकटीने वर, सिस्टरांच्या खोलीकडे पाहिलं. तो तक्ता तिने रोज पाहिला होता.

"तुला सुचलं नाही, कारण तुझं काम आड आलं," काकू तिला म्हणाल्या. "तुमच्या फाइलमधलं काम माणूस गेल्यावर सुरू होतं. गेलेल्या माणसाने आपलं एक काम आधीच उरकलं असेल, हे फाइल करणाऱ्यांच्या मनात यायचंच नाही. त्या मंगळवारी सिस्टर तपासणीला गेल्या नाहीत. गेल्या असत्या तर आकडा लिहिल्याशिवाय राहिल्या नसत्या. रेडिओला सुट्टी दिली, कारण तिच्या कानावर गेलेलं गावभर जातं. खोलीचं काम आधीच उरकायचं तर वकिलांकडे जावं लागतं; सिस्टर तिथेच जाऊन आल्या. क्रम मोडून नववं पान काढलं असतंत आणि मृत्युपत्र वाचलं असतंत, तर मला बोलवायची वेळच आली नसती."

"मग सातवं पान कुठंय, वहिनी?" मास्तरांनी सगळ्यांच्या मनातलं विचारलं.

"काम झालं की चिठ्ठी पुढच्या पाळीवाल्याच्या हातात, म्हणजे त्याने तेच पुन्हा करू नये. सातव्या ओळीत 'करणार' कोण लिहिलंय?"

थोरल्याने मांडीवरच्या खणाकडे पाहिलं. पाकिटं एकावर एक होती, न फोडलेली. त्याने मंगळवारनंतरचा शनिवार शोधला. आत फाइलचं पान निघालं, आधीचा मजकूर खोडलेला. खाली डाव्या हाताची वाकडीतिकडी अक्षरं. त्याने वाचायला सुरुवात केली, पण दोन ओळींनंतर पान धाकटीकडे दिलं. तिने वाचलं.

"ही खोली कामासाठी सोड, असं तुला सांगणार होते. तू सोडलीही असतीस. पण मेल्यावर पोराकडे हात पसरणं मला जमायचं नाही. म्हणून मृत्युपत्राला पुरवणी जोडून खोली मीच कामाच्या नावे केली. वरचा मजला तुम्हा भावांचा. पथ्याखेरीज तुला फार सांगत नाही, कारण तू न सांगता करणारा आहेस. मी हे वॉर्डात सगळ्यांना सांगायचे, तुला सांगायचं राहिलं."

आजोबांनी बगलेतली फाइल आपल्या हाताने कपाटात परत ठेवली आणि दार नीट लावलं.

"बाई शेवटपर्यंत ड्यूटीवर होती," मास्तर पुटपुटले. वही मिटलेली होती.

थोरल्याने तोंड पुसलं. मग खुर्ची ओढून धाकटीच्या टेबलासमोर बसला, गिऱ्हाईक बसतं तिथे.

"गल्लीत ज्याला ज्याला मी बोललो, त्या प्रत्येकाच्या दारात उद्या जाऊन सांगतो," तो म्हणाला. "आज माझी फाइल कर."

धाकटीने कोरा कागद घेतला. पाठ ताठ केली.

"पहिला प्रश्न, दादा. तुम्हाला काही झालं, तर पहिला फोन कुणाला करायचा?"

त्याने पाकिटांचा खण टेबलावर ठेवला.

"तुला," तो म्हणाला.