तीन आणि आठ

वहीतल्या आकड्यांवरून नवऱ्याचं बोट सरकत होतं आणि ती शेजारी उभी राहून बघत होती.

"मी बसतो तेव्हा आईचं दुखणं तीन. तू बसतेस तेव्हा आठ. रोज." तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "तू करतेस तरी काय तिला?"

सासूबाईंच्या जिभेचा कर्करोग काढून तीन महिने झाले होते. बोलणं धड उमटत नसे, म्हणून दुखणं किती ते शून्य ते दहा असं बोटांनी दाखवायचं आणि जवळ बसेल त्यानं वहीत लिहायचं, असं डॉक्टरांनी घालून दिलं होतं. औषध किती द्यायचं ते त्यावरच ठरे. आता नवऱ्याचा निर्णय झाला होता. उद्या डॉक्टरांना वही दाखवायची, औषध कमी करून घ्यायचं, आईपाशी पगारी बाई ठेवायची... आणि सुनेनं त्या खोलीत पाऊलही टाकायचं नाही.

 ओठांत टाचण्या धरून उभा जन्म शिवणकाम केलेल्या सासूबाईंना सगळी गल्ली टाचणीबाई म्हणे, आणि टाचण्या काढल्या की पहिलं बोलणं सुनेच्याच वाट्याला येई. पंधरा वर्षांत कौतुकाचा एक शब्द नाही. तरी आजारपण आलं तेव्हा शाळेच्या ग्रंथालयातली नोकरी सोडून उशाशी बसली ती सूनच. एकदा, एकदाच, त्यांच्या मानेवरची न भरलेली जखम पुसताना ‘सुटतील बिचाऱ्या’ असं तिच्या मनात आलं होतं. तेच पाप आपल्या हातांत उतरलं असेल का? की आजार पुन्हा आत वाढतोय आणि तो फक्त आपल्यालाच दिसतोय? 

संध्याकाळी तिनं फुंकर घालत घालत पट्टी बदलली. तरीही आठ बोटं वर झाली.

"आई, आज तरी कमी दाखवा हो," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "नाहीतर मला तुमच्यापासून तोडतील."

सासूबाईंनी तिचं बोलणं नीट ऐकून घेतलं. बोटं मात्र आठच.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी वही चाळली, मायलेकांकडे पाहिलं आणि विचारलं, "आजी, आत्ता किती?"

सासूबाईंचा हात मांडीवरच राहिला. मुलगा समोर होता. पहिल्या दिवशी ती जखम बघून हाच मुलगा भोवळ येऊन पडला होता. सून दाराशी उभी होती. तीन दाखवले तर औषध जाणार, आणि सूनही जाणार... सासूबाईंनी डोळे मिटले, आणि आठ बोटं वर केली. मग पिशवीतून काळ्या अस्तराचा तुकडा काढून त्यावर शिवणाच्या खडूनं लिहिलं, ‘हा घाबरतो, म्हणून तीन. हिच्यापाशी मला लपवावं लागत नाही.’

मुलानं ते दोनदा वाचलं आणि वही मिटली. डॉक्टर सांगत होते की आजार उलटलेला नाही, पण मोडलेली झोप, मनातली धास्ती आणि दिवसभर दुखणं दाबून धरण्याचा ताण, यांनीही वेदना वाढते. औषध वाढवायचं ठरलं. सुनेला त्यातलं निम्मंच ऐकू आलं, कारण सासूबाईंनी तिचा हात घट्ट धरला होता आणि इतक्या वर्षांत प्रथमच ती त्यांच्यासमोर हमसून रडत होती.

त्या संध्याकाळी नवऱ्यानं हात धुतले, तिच्या शेजारी येऊन उभा राहिला आणि माझं चुकलं, मला शिकव, एवढंच म्हणाला. पट्टी निघाली. त्याचा रंग उडाला, पण तो हलला नाही. आणि मग सासूबाई कण्हल्या... मोठ्यानं, अगदी पोटातून, मुलाच्या तोंडावर!

त्यानं घाबरून हात मागे घेतला.

"थांबू नका," ती म्हणाली. "आज त्या तुमच्यापाशी कण्हताहेत. कण्हू द्या."