गुरुवारचा ट्रॅक्टर

रिक्केला हवं होतं ट्रॅक्टरचं मोठं मागचं चाक. खोक्यात कोपरापर्यंत हात घातला, आणि चाकाबरोबर हाताला लागला कुणाचा तरी गरम हात.

"माफ कर," हाताचा मालक म्हणाला. पण चाक काही सोडेना.

"मी आधी धरलंय."

"एकदमच धरलंय आपण."

"मग तू सोड. सभ्य माणसं सोडतात."

"सभ्य माणसं ओढत नाहीत," तो म्हणाला, आणि स्वतःच्याच धिटाईनं कानापर्यंत लाल झाला.

बाहेर एप्रिलचा बारीक, चिवट पाऊस लागला होता. डेन्मार्कमधल्या लिमफियोर्ड खाडीच्या काठावरच्या त्या गावाचा जुन्या वस्तूंचा बाजार व्यायामशाळेत भरला होता, आणि सगळीकडे ओल्या लोकरीचा नि कॉफीचा वास. खोक्यात कुणाच्या तरी मोठ्या झालेल्या मुलांच्या, एकमेकींत अडकवून खेळणी बांधायच्या प्लास्टिकच्या विटा होत्या. त्यानं दुसऱ्या हातानं तळ चाचपला आणि तसंच आणखी एक चाक वर काढलं. मग पहिलं चाक निमूटपणे तिच्याकडे सरकवलं.

"आता झालं ना? तुला एक, मला एक."

"वा! एका चाकाचा ट्रॅक्टर बांधणारेस का तू?"

"तू काय करणारेस?"

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. त्याच्या भुवयांवर पावसाचे थेंब तसेच होते. पुसावेत असं रिक्केला उगीचच वाटलं... आणि स्वतःचाच राग आला.

"गुरुवारी संध्याकाळी माझ्याकडे ये," ती म्हणाली. "चाक घेऊन. आणि बूट दाराबाहेर काढायचे. गोठ्यातले असतील तर थेट रस्त्यावर."

"गोठ्यातला आहे हे कसं कळलं?"

"मी गुरांच्या डॉक्टरकडे कामाला आहे. वासावरून जातसुद्धा सांगेन गाईची."

त्याचं नाव आस्गर. काकाच्या गोठ्यावर दूध काढायचा आणि खरे ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. बोटं जाडजूड, पण इवल्याशा दातेरी चकत्या अशा हळुवार बसवायची की रिक्के बघतच राहायची. मोटर, बॅटरीचा डबा, चारही चाकांना जोर पोहोचवणारे आस... तो यंत्र जुळवायचा, ती सांगाडा नि टप. मधे वेलचीचे पाव, लोणी, कॉफी. तिनं बांधलेलं हिरवं बॉनेट बघून एकदा तो म्हणाला, "वाईट नाही." त्या किनाऱ्याकडच्या माणसानं एवढं म्हटलं की तोंडभरून कौतुक समजायचं. रिक्के तिथलीच. तिला ते कळलं, आणि दुसऱ्या दिवशी एका आजारी मेंढीशीसुद्धा ती हसून बोलली.

आणि मग त्यानं सांगितलं. अगदी सहज, पावाला लोणी लावता लावता.

"ऑगस्टमध्ये न्यूझीलंडला जातोय. दोन वर्षं. तिथल्या गोठ्यावर काम मिळालंय. त्याआधी हा ट्रॅक्टर तेवढा पुरा करू."

"हो तर," रिक्के म्हणाली. "करूच की."

पण ट्रॅक्टर पुरा झाला की गुरुवार संपले. यायला दुसरं निमित्तच काय होतं त्याला?

मग तिनं करू नये ते केलं. तो गेल्यावर मागचा आस उघडला आणि डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांमधला तो दातेरी डबा, उलटा फिरवून बसवला. पुढच्या गुरुवारी बटण दाबलं तर पुढची चाकं पुढे निघाली आणि मागची मागे. बिचारा ट्रॅक्टर टेबलावर जागच्या जागी थरथरत राहिला.

"अरेच्चा," आस्गर म्हणाला. "आता आलं का परत सगळं उघडणं!"

त्यानं तो डबा सरळ केला. तो गेल्यावर तिनं पुन्हा उलटा केला. पुढचा गुरुवार, तेच. त्यातून आसांना धरून ठेवणाऱ्या करड्या कड्याही एकेक करून नाहीशा होऊ लागल्या, चाकं गळून पडायला लागली. रिक्केनं तो दोष व्हॅक्यूम क्लीनरला दिला आणि मनातल्या मनात त्याचे आभारही मानले.

खालच्या मजल्यावरची बोदिल जिन्यातच गाठायची. "अगं, ट्रॅक्टर बांधताय की चर्च? जून सरला!"

"बारीक काम असतं, बोदिल."

"हो हो. दिसतंय हो बारीक काम. परवा केस धुऊन बसली होतीस त्या कामासाठी!"

जुलैत एकदा आस्गर तिकडच्या डोंगरांबद्दल बोलत होता. लहानपणापासून त्याला ते बघायचे होते. बोलताना त्याचे डोळे असे उजळले की रिक्केला लाज वाटली. आपण याला धरून ठेवतोय, तेही एका प्लास्टिकच्या डब्यानं!

शेवटच्या गुरुवारी तो यायच्या आधीच तिनं डिफरन्शियल सरळ बसवला. कपाटाच्या तळातून जुन्या खेळातल्या दुसऱ्या कड्या शोधून चारही चाकं पक्की केली. मागे साखरेची पिशवी बांधली आणि तो आल्यावर बटण दाबलं.

ट्रॅक्टर घुरघुरला, अंमळ अडखळला... आणि पिशवी ओढत टेबलावरून सावकाश निघाला.

"चालला," आस्गर म्हणाला.

"चालला," रिक्के म्हणाली.

एवढी मेहनत करून यश मिळालं आणि दोघांचेही चेहरे पडलेले. त्यानं कोट उचलला. तेव्हा मात्र तिला राहवेना.

"आस्गर, थांब. मी... मीच उलटा बसवत होते तो डबा. दर आठवड्याला. मुद्दाम. तू येत राहावंस म्हणून. तू आवडतोस मला, फार आवडतोस. हस आता हवं तर."

तो हसला नाही. कोटाच्या खिशात हात घालून त्यानं मूठ बाहेर काढली आणि तिच्या तळहातावर रिकामी केली. करड्या कड्या! मूठभर.

"व्हॅक्यूम क्लीनर," तो म्हणाला, आणि पुन्हा कानापर्यंत लाल झाला.

"तू?"

"डबा उलटा बसवायची चूक पोरं एकदा करतात, रिक्के. एवढी हुशार मुलगी दर आठवड्याला करते, म्हटल्यावर... म्हटलं, आपणही हातभार लावावा."

"मग बोलला का नाहीस, ठोंब्या!"

"माझा अंदाज चुकला असता तर? गुरुवार गेला असता." त्यानं कोट परत खाली ठेवला. "तू म्हणालीस तर नाही जात मी."

जीव म्हणत होता, म्हण! नको जाऊस म्हण! पण तिला ते उजळलेले डोळे आठवले.

"तसं नाही म्हणणार मी," ती म्हणाली. "उद्या म्हणशील, हिच्यापायी राहिलो. पण मला एक सांग... तिकडच्या गाई कधी आजारी पडत नाहीत का?"

समजायला त्याला जरा वेळ लागला. गोठ्यातला माणूस.

"पडतात की," तो हळूच म्हणाला. "खूप पडतात. येतेस?"

"नीट विचार."

"रिक्के, माझ्याबरोबर येतेस?"

हो म्हणायला तिनं तोंड उघडलं, पण त्याआधीच त्यानं तिला मिठीत घेतलं. ट्रॅक्टर बंद करायचं कुणाच्याच लक्षात नव्हतं. तो साखर ओढत ओढत टेबलाच्या कडेपर्यंत गेला आणि धाडकन खाली पडला. विटा पार जिन्याच्या दारापर्यंत उधळल्या.

"फुटला," त्याच्या खांद्यात तोंड लपवून रिक्के म्हणाली.

"फुटू दे," आस्गर म्हणाला, आणि तिला आणखी जवळ घेतलं.