खोलीची शांतता

तिच्या एका हातात सुरी होती, दुसऱ्या हातात कोबीचा गड्डा, आणि स्पीकरवर कडाकड हाडं मोडत होती. नेमकं तेव्हाच स्टुडिओचं दार कुरकुरलं. पाठीला व्हायोलिनची पेटी अडकवलेला एक उंच तरुण आत डोकावला, त्याने सुरी पाहिली आणि “आई गं!” म्हणून चक्क ओरडला.

“घाबरलात?” तिचा चेहरा खुलला. “खरंच घाबरलात?”

“छे! घसा साफ करत होतो. वर माझं रेकॉर्डिंग संपलं... बाहेरचं दार शोधतोय.”

“ते इथे नाही. पण आता आलाच आहात तर बसा जरा — प्लीज.”

तिला दुसरा इलाजच नव्हता हो! सिनेमाच्या आवाजांचं हे तिचं पहिलं स्वतंत्र काम. भुताच्या सिनेमाची सुरुवात म्हणजे नुसता रिकामा जिना आणि वर एक बंद दार, माणूस एकही नाही. घाबरवायचं ते आवाजानेच. तिने ढोल, वादळ, किंकाळ्या, कोबी मोडून काढलेला हाडांचा कडकडाट, होतं नव्हतं ते सगळं त्यात ओतलं होतं. आणि दिग्दर्शकबाईंनी सकाळी ते बघताना सरळ जांभई दिली होती. संध्याकाळी पुन्हा बघते म्हणाल्या, तेव्हाही अंगावर काटा आला नाही तर काम दुसऱ्याकडे.

“म्हणजे तुम्हाला एक भित्रा माणूस हवाय,” सगळं ऐकून तो म्हणाला. “योग्य ठिकाणी आलो म्हणायचं. असले सिनेमे बघताना मी डोळे नाही, कान झाकतो.”

तिला हसू आलं. पण लगेच तिने खुर्ची पुढे ओढली. “सगळ्यात जास्त कधी घाबरता?”

“वाजता वाजता एकदम थांबतं ना... तेव्हा. वाजत असतं तोवर निदान कुणाची तरी सोबत असते.”

इतके दिवस ती नुसती भर घालत बसली होती, काढून बघायचं तिला सुचलंच नव्हतं! तिने ढोल काढले, वादळ काढलं, किंकाळ्या काढल्या. बिचारा कोबीही गेला.

“वाजवाल? एकच सूर. खालचा, लांबलचक... हळूहळू वर चढणारा.”

“पडद्याकडे बघत?”

“हो.”

“मग तुम्ही इथे उभ्या राहा. जवळ.”

“भीती वाटते म्हणून?”

“तेवढ्यासाठीच... असं काही नाही,” तो पेटी उघडत म्हणाला. तिचे कान तापले.

सूर सुरू झाला. इतका हलका, की आधी कळलंच नाही. मग तो जिना चढू लागला, पायरीपायरीने, आणि तीच नकळत त्याच्याजवळ सरकली. वरचं दार आपोआप उघडणार हे तिला पाठ होतं. त्याला कुठे माहीत होतं? पडद्यावर ते हललं आणि त्याचा हात जागच्या जागी थिजला. एक श्वास खस्सकन आत गेला, आणि मग काहीच नाही.

“सॉरी, सॉरी! पुन्हा घेऊ—”

“खबरदार!” ती ओरडली. “हेच हवंय मला.”

संध्याकाळी दिग्दर्शकबाईंनी त्या शांततेत हातातला चहा स्वतःच्याच मांडीवर सांडला. मांडी पुसत म्हणाल्या, “यातलं काही बदललंस तर बघ!” त्या गेल्या आणि निकालासाठी थांबलेल्या त्याच्याकडे वळताना तिचे डोळे एकदम भरून आले.

“तुमचे आभार कसे मानू? तुम्ही दार चुकला नसतात तर माझं काही खरं नव्हतं.”

“आभार त्या कुरकुरणाऱ्या दाराचे माना. मी तर केव्हाचे मानतोय.”

तिने पटकन हेडफोन चढवले. “एक काम राहिलंय. खोलीची शांतता रेकॉर्ड करायची, तुम्ही वाजवायचं थांबलात त्या जागी भरायला. तिथे काहीच नसलं तर आवाज मेल्यासारखा वाटतो. आता बोलायचं नाही, हलायचं नाही.”

दोघं माईकच्या दोन बाजूंना उभी राहिली. पंखा बंद, खिडकी बंद. हेडफोनमध्ये तिला खोली ऐकू येत होती, आणि त्याचा श्वास. तिने सहज वर पाहिलं. तो तिच्याकडेच बघत होता... आणि तो श्वास अडखळला. पडद्यावर काहीच नव्हतं, तरी अडखळला. मग तो माईककडे वाकला.

“उद्याही दार चुकलो तर... चालेल?”

टेक वाया गेला! ओरडायला हवं होतं, पण तिने नुसती मान हलवली — हो.

रेकॉर्डर चालूच होता. त्या सिनेमासाठी शांतता तिने नंतर एकटीने रेकॉर्ड केली. ही वाया गेलेली मात्र तिने कधी पुसली नाही, आणि दाराला तेलही घालू दिलं नाही.